आरेची झाडे, आरेचे पाडे आणि आपली भूमिका

१

मुंबईच्या आरे वसाहतीतील वृक्षतोडीला जो विरोध झाला त्याविषयी गेल्या काही वर्षांत मराठीत पुष्कळ लिहिले गेले. अग्रलेख झाले, दिवाळी अंकांतून लेख आले, कविता झाल्या, पथनाट्ये झाली. हे लेखन मी मिळेल तेवढे वाचले आहे. त्याची चिकित्सा करण्याची गरज दोन कारणांनी वाटते. ज्यांनी हा लढा शब्दांत मांडला त्यांच्या शब्दांत आपल्या माणसाला फारशी जागा मिळाली नाही, हे पहिले कारण. आणि आपल्या चळवळीतील बरेच कार्यकर्ते ‘झाडेबिडे हा पोट भरलेल्यांचा विषय’ असे म्हणून बाजूला बसले, हे दुसरे. या दोन गोष्टी एकमेकींना धरून आहेत. पहिलीमुळे दुसरी घडते, आणि दुसरीमुळे पहिलीला कोणी जाब विचारत नाही.

प्रथम घटनाक्रम पाहू. मुंबईतील तबेले शहराबाहेर नेण्यासाठी १९४९ साली गोरेगावच्या पूर्वेला आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. सुमारे १,३०० हेक्टरांची ही जमीन शासनाच्या दुग्धविकास खात्याकडे आली. परंतु जमीन रिकामी नव्हती. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी अशा आदिवासींचे पाडे तेथे होते. आजही २७ पाडे सांगितले जातात. पुढे या वसाहतीतून चित्रनगरीला जागा गेली, सरकारी संस्थांना गेली, रस्त्यांना गेली. कुलाबा–वांद्रे–सीप्झ या ३३.५ किलोमीटरच्या भुयारी मेट्रोची कारशेड आरेत करण्याचे ठरले तेव्हा सुमारे ३० हेक्टर जागा त्यासाठी निघाली. २०१४ च्या अखेरीपासून नागरिकांनी विरोध सुरू केला.

२९ ऑगस्ट २०१९ रोजी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,१८५ झाडे तोडण्यास व ४६१ झाडांचे प्रत्यारोपण करण्यास मंजुरी दिली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने विरोधातील याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. जमावबंदी लागली. २९ आंदोलकांना अटक होऊन कोठडी मिळाली. त्यांत विद्यार्थी होते, पाड्यांवरची तरुण मुलेमुलीही होती. एका विधी शाखेच्या विद्यार्थ्याच्या पत्राची दखल घेऊन ७ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘जैसे थे’चा आदेश दिला. तोपर्यंत २,१४१ झाडे आडवी झाली होती. न्याय आला तेव्हा झाडे उरली नव्हती, हे या प्रकरणाचे सार आहे.

पुढचा भाग राजकारणाचा. नोव्हेंबर २०१९ मध्ये नव्या सरकारने काम थांबवले, ऑक्टोबर २०२० मध्ये आरेतील सुमारे ८०० एकर राखीव वन करण्याचे व कारशेड कांजूरमार्गला नेण्याचे जाहीर केले. कांजूरच्या जमिनीवर केंद्राने हक्क सांगितला व डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने ते काम रोखले. २०२२ च्या सत्तांतरानंतर कारशेड पुन्हा आरेत आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८४ झाडांपुरती मुभा दिली. महामंडळाने १७७ झाडांची परवानगी मिळवली. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने त्याबद्दल १० लाखांचा दंड केला, आणि १७७ झाडे तोडण्यास परवानगीही दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये गाडी सुरू झाली; ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत पोहोचली.

२

आता लेखनाकडे वळू. या लेखनात सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द ‘फुप्फुस’ हा आहे. आरे म्हणजे मुंबईचे फुप्फुस. शब्द खोटा नाही. परंतु तो वापरला की बोलणारा आपोआप शहराच्या बाजूने बोलू लागतो. फुप्फुसाला स्वतःचे आयुष्य नसते. ते शरीरासाठी असते. आरे मुंबईसाठी आहे, मुंबईने श्वास घ्यावा म्हणून आहे. मग आरेत जो राहतो तो कोण? फुप्फुसात माणसे राहत नाहीत. या रूपकाने पाडा पुसला जातो. रूपक वापरणाऱ्यांचा हेतू तसा नसेल, पण हेतूने काव्याची तपासणी होत नाही, परिणामाने होते.

दुसरा शब्द ‘जंगल’. कवितांमधून आरे हे माणसाचा स्पर्श न झालेले, पवित्र, आदिम असे जंगल म्हणून येते. प्रत्यक्षात आरेत गोठे आहेत, शेणाचे ढीग आहेत, वैरण आहे, तबेल्यात पहाटे तीनपासून राबणारा कामगार आहे, पाड्यावरच्या बाईने लावलेली भाजी आहे. पाणी, वीज, शौचालय यांसाठी पाड्यांनी वर्षानुवर्षे अर्ज केले आहेत. हे सारे कवितेत येत नाही, कारण ते आले तर जंगलाचे पावित्र्य भंगते. आदिवासी येतो, पण तो तारपा घेऊन येतो, वाघोबाच्या पूजेपुरता येतो. जलजोडणीचा अर्ज हातात घेतलेला आदिवासी या कवितेला चालत नाही. प्रस्थापित मराठी साहित्याने दलितांचे जे केले होते तेच येथे आदिवासींचे झाले आहे: दयेचा किंवा कौतुकाचा विषय म्हणून प्रवेश, माणूस म्हणून नाही.

तिसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. या कवितांत झाड तोडणारा नेहमी राक्षस असतो. त्याच्या हातात कुऱ्हाड असते, त्याचे डोळे लाल असतात. ४ ऑक्टोबरच्या रात्री करवत चालवणारे हात कंत्राटी मजुरांचे होते. ज्यांनी मंजुरी दिली, ज्यांनी नकाशा आखला, ज्यांनी निविदा काढली त्यांच्या हाताला भुसा लागला नाही. पांढरपेशा कवी त्या मजुराला राक्षस म्हणतो, तेव्हा तो नकळत खऱ्या कर्त्याला मोकळे सोडतो. रोजंदारीवर राबणारा माणूस आणि त्याला राबवणारी व्यवस्था यांतला भेद ज्या साहित्याला करता येत नाही, त्या साहित्याचा राग कितीही खरा असला तरी चुकीच्या दाराशी जाऊन पडतो.

येथे कोणी म्हणेल, लढाई चालू असताना शब्दांचा कीस काढू नये. मी म्हणतो, शब्दांनीच ही लढाई दुबळी झाली. ‘झाडे विरुद्ध मेट्रो’ अशी मांडणी एकदा मान्य झाली की सरकारला उत्तर देणे सोपे जाते: तुम्हाला झाडे हवीत, आम्हाला लोकलमध्ये लोंबकळणारा गरीब माणूस दिसतो. गरिबाचे नाव सरकारने घेतले, कारण आंदोलनाच्या साहित्याने ते आधी घेतले नव्हते.

३

‘वन’ या शब्दाचा कायद्यातला प्रवास पाहिला म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. आरे ही दुग्धविकास खात्याची जमीन आहे, वन नव्हे, ही शासनाची भूमिका होती. वन नाही म्हणून वनसंरक्षणाचा कायदा नाही. उरला तो नागरी क्षेत्रातील झाडांसाठीचा १९७५ चा राज्याचा कायदा. या कायद्यात झाड मोजले जाते. त्याला क्रमांक मिळतो, हरकती मागवल्या जातात, एका झाडाच्या बदल्यात रोपे लावण्याची अट घातली जाते. परंतु झाडाखालची जमीन, तिथे राहणारी माणसे, तिथून वाहणारे पाणी यांची मोजणी या कायद्यात नाही. हजारो हरकती आल्या आणि त्या फाइलीत गेल्या. आरे हे वन आहे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे पडून असल्याने उच्च न्यायालयाने त्यात शिरण्यास नकार दिला. मूळ प्रश्नाचे उत्तर कोणीच न देता झाडे तोडून झाली.

आता आदिवासींच्या बाजूने पाहा. २००६ चा वनहक्क कायदा वनजमिनीला लागू होतो. आरे वन नाही असे ठरले की आरेतील आदिवासीला या कायद्याचा दरवाजा बंद होतो. पिढ्यान्‌पिढ्या राहूनही तो सरकारी जमिनीवरील रहिवासी ठरतो, आणि एखाद्या सकाळी अतिक्रमकही ठरतो. कारशेडच्या जागेतील प्रजापूर पाड्याच्या लोकांना पुनर्वसनाच्या इमारतींत जावे लागले. ज्याच्या अंगणात कोंबड्या होत्या, शेजारी भाजीचा तुकडा होता, त्याला खोली मिळाली. कागदावर हा लाभ आहे.

आता आरेला लागून असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे या. ते वन आहे, याबद्दल कोणाचाच वाद नाही. एका पर्यावरणवादी संस्थेच्या १९९५ च्या याचिकेवर उच्च न्यायालयाने मे १९९७ मध्ये आदेश दिला आणि पुढच्या काही वर्षांत हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. १९९५ च्या मतदारयादीत ज्यांचे नाव होते त्यांनी ७,००० रुपये भरावेत, म्हणजे पर्यायी जागा मिळेल, असे ठरले. ज्यांचे नाव नव्हते त्यांचे काहीच ठरले नाही. त्या झोपड्यांत कोण राहत होते हे तुम्हांआम्हांला सांगावे लागत नाही. १९७२ च्या दुष्काळापासून मराठवाडा–विदर्भातून जे पायी, रेल्वेने, बिनतिकीट मुंबईला आले, ज्यांना गावात जमीन नव्हती आणि शहरात भाडे परवडत नव्हते, त्यांचीच ही वस्ती.

म्हणजे कायद्याचे गणित असे झाले: आरे वन नाही, म्हणून तिथल्या आदिवासीला हक्क नाही, उद्यान वन आहे, म्हणून तिथल्या झोपडीवासीयाला हक्क नाही. शब्द बदलला तरी बाहेर पडणारा माणूस तोच. पर्यावरणाच्या चळवळीने उद्यानाच्या वेळी गरिबाला झाडाचा शत्रू ठरवले आणि आरेच्या वेळी आदिवासीला झाडाचा मित्र ठरवले. तो शत्रूही नाही आणि मित्रही नाही. तो राहणारा आहे. त्याचा हक्क त्याच्या झाडावरील प्रेमाच्या प्रमाणपत्रावर अवलंबून असता कामा नये.

४

एवढे म्हटल्यावर आपल्यातील काहींना बरे वाटेल. ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो?’ त्यांना मला विरोध करायचा आहे.

त्यांची बाजू मी आधी नीट मांडतो, कारण तिला वजन आहे. निसर्गपूजेविषयी आपल्या मनात जो संशय आहे तो उगाच आलेला नाही. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या गौरवावर टीका केली ती या संशयाची मोठी खूण आहे. ज्यांना खेडे रम्य वाटले त्यांना महारवाडा दिसला नव्हता. आमच्या गावी पिंपळाला बांधलेला पार होता. त्या पारावर माझ्या आज्याला बसता येत नव्हते. पाटलाच्या वाड्यावर लाकडे फोडून देणे आणि गावातल्या मयताला सरपण वाहून नेणे हे त्याच्या वाट्याचे काम होते. माझी आजी मोळीसाठी ज्या बाभळी शोधत फिरे त्या कोणाच्या बांधावर आहेत हे पाहूनच तिला विळा घालावा लागे. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. पारिजातकाची कविता मला महाविद्यालयात भेटली, आणि तिच्यातले अंगण कोणाचे हा प्रश्नही तिथेच भेटला. दलित आत्मकथनांत झाड येते ते सरपण म्हणून, गावाबाहेरच्या बाभळीच्या रूपाने येते. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने १९७२ साली मराठी कवितेला जी मुंबई दाखवली ती कामाठीपुऱ्याची होती, तिथे श्वासाचा प्रश्न फुप्फुसाच्या रूपकाने सुटणारा नव्हता.

मेट्रोचा मुद्दाही खरा आहे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे मरत आली आहेत. माझ्या वर्गात आरेवर चर्चा निघाली तेव्हा रोज दोन गाड्या बदलून येणारी एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, माझे दोन तास वाचणार असतील तर मी झाडासाठी का रडू?” तिला निसर्गद्वेष्टी म्हणण्याचा अधिकार मला नाही, मोटारीतून आंदोलनाला येणाऱ्याला तर मुळीच नाही. परंतु त्याच वर्गात पाड्यावरून येणारा एक मुलगा होता. तो इतकेच म्हणाला, “मेट्रो आमच्याच दारातून जाणार सर, पण थांबणार कुणासाठी?” या मेट्रोचे तिकीट १० ते ७० रुपये आहे, लोकलचा दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास काही शे रुपयांत येतो. घरकाम करणारी बाई यातले काय निवडेल, हे गणित तिला आपल्यापेक्षा चांगले येते. मेट्रो नको असे मी म्हणत नाही. गरिबाच्या नावावर ती बांधली, तर गरिबाला तिच्यात बसता आले पाहिजे, एवढेच म्हणतो. आणि कारशेड कुठे असावी हा मेट्रो हवी की नको या प्रश्नाहून वेगळा प्रश्न होता. तो मुद्दाम एकत्र केला गेला.

मग झाड हा आपला प्रश्न कसा? मिठी नदीवरून सांगतो. ही नदी पवई–विहाराच्या बाजूने निघून आरेच्या कडेने वाहत माहीमच्या खाडीला मिळते. कारशेडची जागा तिच्या काठावर आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी फुटली तेव्हा पाणी कोणाच्या घरात शिरले? कुर्ला, कलिना, धारावीच्या सखल वस्त्यांत. उंच इमारतीतल्या माणसाची गाडी बुडाली, वस्तीतल्या माणसाचे घर, भांडी, शिधापत्रिका, मुलांची प्रमाणपत्रे वाहून गेली. पाणी मुरायला जी मोकळी जमीन लागते ती वरच्या अंगाला बुजवली की पुराचे पाणी खालच्या अंगाला येते, आणि शहराच्या खालच्या अंगाला कोण राहतो हे जातीच्या नकाशावरून सांगता येते. उन्हाचेही तसेच. पत्र्याच्या घरात मे महिन्यात जो राहिला आहे त्याला रस्त्यावरच्या एका झाडाची किंमत कळते. ज्याच्या घरात वातानुकूलन यंत्र आहे त्याला झाड शोभेसाठी लागते. गटारात उतरणाऱ्या, रस्ता झाडणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या माणसाला ते दुपारी टेकण्यासाठी लागते. ज्याच्यापाशी खाजगी बाग नाही त्यालाच सार्वजनिक झाडाची गरज अधिक. म्हणून हा प्रश्न पोट भरलेल्यांचा आहे असे म्हणणे म्हणजे आपली मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर लिहून देणे होय.

५

या जागी महाड आठवले पाहिजे. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा सर्वांना खुल्या झाल्या. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर तळे खुले होते. पाणी मात्र बंद होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर चालत गेले तेव्हा ते सार्वजनिक झाले. त्या सत्याग्रहात पाण्याची पूजा नव्हती. तळ्याच्या काठच्या निसर्गसौंदर्याचे वर्णन नव्हते. सार्वजनिक गोष्टीवर आपला माणूस म्हणून समान हक्क आहे, हा एकच मुद्दा होता. शहरातली बाग, मैदान, नदीकाठ, रस्त्याकडेचे झाड यांच्याकडे आपण याच दृष्टीने पाहिले पाहिजे. प्रस्थापित पर्यावरणवाद झाडाला देव करतो. विकासवाला त्याला क्रमांक देतो. महाडने आपल्याला तिसरी रीत शिकवली आहे, आणि ती हक्काची आहे.

ही रीत आपल्या लोकांच्या अंगी नाही असेही नाही. १ जुलै २०२४ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवरील भूमिगत वाहनतळाच्या विरोधात हजारो माणसे जमली आणि शासनाला त्या कामास स्थगिती द्यावी लागली. तेथे कोणी आम्हांला पर्यावरणवादी म्हटले नाही, आम्हीही स्वतःला म्हणवून घेतले नाही. पण आपली मोकळी जागा आपल्याला न विचारता खणली जात आहे, हे सामान्य बाईला कळले आणि ती रस्त्यावर आली. दीक्षाभूमीवर जे कळते ते आरेवर का कळू नये? २०२५ च्या अखेरीस नाशिकच्या तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला आणि नागरिक विरोधात उभे राहिले. तपोवन पंचवटीला लागून आहे, आणि पंचवटीतल्या काळाराम मंदिराच्या दारात १९३० पासून आपल्या माणसांनी सत्याग्रह केला होता. त्या शहरात सार्वजनिक जमीन कोणासाठी, कोणाच्या सोयीने, कोणाला विचारून वापरायची हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याइतका कोणाला आहे?

केवळ टीका करून थांबणे मला योग्य वाटत नाही, म्हणून काय करावे तेही सांगतो. वृक्ष प्राधिकरणाच्या सूचना निघतात तेव्हा हरकती नोंदवण्याची मुदत असते. वस्तीतल्या वाचनालयात, बुद्धविहारात त्या सूचना मोठ्याने वाचल्या गेल्या पाहिजेत. झाडांबरोबर माणसांचीही मोजणी मागितली पाहिजे: या कामाने किती घरे हलतील, पाणी कुठे वळेल, कोणाचा रोजगार जाईल. प्रत्येक वृक्षविरोधी प्रकल्पाला प्रश्न विचारताना प्रत्येक झोपडीविरोधी पर्यावरणवाद्यालाही प्रश्न विचारला पाहिजे: १९९७ नंतर उद्यानातल्या झोपड्या पाडल्या जात होत्या तेव्हा तुम्ही कुठे होता? उत्तर प्रामाणिक आले तर त्याच्याशी हातमिळवणी करावी. आरेच्या २९ अटकेत विद्यार्थी आणि पाड्यांवरची मुले एका कोठडीच्या यादीत आली, ही त्या लढ्यातील सर्वांत मोलाची गोष्ट होती. दुर्दैवाने तिच्यावर कविता झाली नाही.

आणि लेखकांना एवढेच सांगणे आहे की झाडावर जरूर लिहा. आपल्या साहित्याने बाभळीला, निवडुंगाला जागा दिली, तशी रस्त्याकडेच्या धुळकट रेन ट्रीलाही द्या. परंतु झाड लिहिताना त्याच्या खाली कोण बसते, त्याला पाणी कोण घालते, ते तोडण्याची सही कोणी केली आणि करवत कोणाच्या हातात दिली, हे चारही लिहा. यातले एक जरी गाळले तरी लेखन सुंदर होईल, पण खरे होणार नाही. आणि खरे नसलेले सौंदर्य आपल्याला कधीच परवडलेले नाही.

आरेतली तोडलेली झाडे परत येणार नाहीत. उरलेले पाडे मात्र अजून तिथे आहेत, राखीव वनाच्या घोषणेत आदिवासींचे हक्क राखू असा शब्द दिला गेला आहे, आणि शब्द दिल्यानंतर तो पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी माणसे लागतात. ती माणसे आपण असले पाहिजे.